माळ्यावरची बाटली आणि पीप्सचं तळघर

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा या आठवड्याचा भाग, लेखी स्वरूपात. आजचा विषय घरात वाईन आणून ठेवण्याचा. तो मी का निवडला, ते आधी सांगतो.

२०१९ मध्ये मला पहिली नोकरी लागली. पहिला पगार झाल्यावर मी आणि माझा रूममेट नाशिकला गेलो आणि साडेसातशे रुपयांची एक रेड वाईन घेऊन आलो. ठरलं असं की ही आत्ता उघडायची नाही. पाच वर्षांनी, कोण कुठेही असो, एकत्र यायचं आणि उघडायची. वाईन जितकी जुनी तितकी भारी, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण आमची पक्की खात्री होती. बाटली पुण्यातल्या फ्लॅटच्या माळ्यावर गेली, जुन्या सूटकेसमागे.

२०२४ मध्ये तो बंगळुरूहून खास त्यासाठी आला. वाईनचा रंग विटकरी झाला होता, वास उकळलेल्या मनुकांचा आणि चव नुसती आंबट. तो "ठीक आहे रे" म्हणाला आणि ग्लास संपवला. मला दोन घोटांच्या पुढे जमलं नाही. तो परत गेल्यावर मी वाचायला बसलो: ही 'जुनी तितकी भारी' भानगड आली कुठून?

तर गंमत ऐका. युरोपात कित्येक शतकं नेमकं उलटं होतं. ११५२ मध्ये अ‍ॅक्विटेनची एलिनॉर आणि पुढे इंग्लंडचा राजा झालेला दुसरा हेन्री यांचं लग्न झालं आणि फ्रान्समधला बोर्दोचा मुलूख इंग्लंडच्या राजघराण्याशी जोडला गेला. मग दर वर्षी शरद ऋतूत नव्या वाईनची जहाजं इंग्लंडला यायला लागली. वाईन असायची लाकडी पिंपात. पिंप जसजसं रिकामं होई तसतशी आत हवा शिरे आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माल आंबायला लागे. त्यामुळे नवी वाईन बंदरात लागली की जुनीचा भाव पडायचा. तेव्हाच्या दुकानात जाऊन तुम्ही "जुनी आहे का?" असं विचारलं असतं, तर त्याने तुम्हाला वेड्यात काढलं असतं.

हे बदललं काचेमुळे. १६१५ मध्ये पहिल्या जेम्स राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली, कारण लाकूड जहाजांना हवं होतं. काचवाले दगडी कोळशाकडे वळले. भट्ट्या जास्त तापल्या आणि जाड, गडद, मजबूत बाटल्या तयार व्हायला लागल्या. त्यावर बुचाचं झाकण घट्ट बसवलं की वाईन हवेपासून वर्षानुवर्षं लांब राहू शकत होती.

आता आपला माणूस येतो: सॅम्युएल पीप्स. शिंप्याचा मुलगा, लंडनमध्ये नौदलाच्या कचेरीत नोकरी, आणि १६६० ते १६६९ रोज डायरी लिहिणारा. बाटल्या तेव्हा तोंडाने फुंकून करायचे, प्रत्येकीचं माप वेगळं, त्यामुळे फसवाफसवी नको म्हणून बाटलीतून वाईन विकायला इंग्लंडमध्ये मनाई होती. पैसेवाले पिंप विकत घ्यायचे आणि स्वतःच्या बाटल्या भरून घ्यायचे. १६६३ मध्ये पीप्स स्वतःचं चिन्ह उमटवलेल्या पाच-सहा डझन बाटल्या भरलेल्या बघून आला आणि ते कौतुकाने लिहून ठेवलं. १६६५ च्या जुलैत त्याने तळघरातल्या मालाची यादीच केली. नुसती बोर्दोकडची रेड म्हणजे क्लॅरेट ३०० लिटरच्या वर! शिवाय आपल्या नातलगांत एवढा साठा कुणाकडेच नसेल, असा शेराही मारला. पुढच्याच वर्षी लंडनला मोठी आग लागली, तेव्हा या गड्याने बागेत खड्डा खणून वाईन आणि पार्मेझान चीज पुरून ठेवलं.

हे वाचताना मला माझा माळा आठवला. घरातला पहिला बऱ्या पगाराचा माणूस. त्याला वाईन प्यायची होतीच, पण आपल्याकडे ती *आहे* याचं सुख वेगळंच.

अठराव्या शतकात सरळ, उभट बाटल्या आल्या. त्या आडव्या रचता येत, बूच ओलं राहत असे आणि हवा आत जात नसे. याच काळात इंग्रजांना पोर्तुगालच्या पोर्ट वाईनचं वेड लागलं. पोर्टमध्ये ब्रँडी घालतात, साखरही भरपूर, त्यामुळे उत्तम पोर्ट दशकानुदशकं टिकते. मुलगा झाला की बापाने पोर्ट घेऊन ठेवायची आणि तो २१ वर्षांचा झाला की उघडायची, अशी श्रीमंत घरांत रीतच पडली. आमची 'पाच वर्षांनी उघडू' ही कल्पना बहुतेक तिथूनच झिरपत आली असणार. फरक एवढाच, की त्यांची वाईन टिकण्यासाठी केलेली होती आणि तळघर थंडगार होतं. आमची साडेसातशेची आणि पुण्याचा मे महिना.

स्वस्त वाईनचा खरा पूर्वज वेगळा आहे. १८६०-६१ मध्ये ब्रिटनचा अर्थमंत्री ग्लॅडस्टनने हलक्या वाईनवरचा कर कमी केला आणि साध्या दुकानदारांना एकेक बाटली घरी न्यायला विकण्याची मुभा दिली. दारूबंदीवाल्यांनी विरोध केला, पण कारकून-मास्तरांना संध्याकाळी एक बाटली घरी नेणं शक्य झालं. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायचं ठरवलं, तेव्हा झालेला गदारोळ आठवतो ना? वाद तसा जुनाच.

हजाराच्या आतबाहेरची बहुतेक वाईन याच घराण्यातली: आणा आणि प्या. म्हणून मी आता एवढंच पाळतो. लेबलवर बाटली भरल्याचा महिना बघायचा आणि त्यातल्या त्यात ताजी घ्यायची. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली नको. नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, त्यामुळे व्हाइट तर त्या वर्षीची किंवा मागच्या वर्षीचीच. वाईनला सगळ्यात मानवतं १२-१३ अंश तापमान आणि अंधार. आपल्याकडे तळघर नाही, मग माळा आणि फ्रिजचा माथा टाळून घरातल्या सगळ्यात थंड खोलीतलं खालचं कपाट. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालते, बूच असेल तर आडवी. उन्हाळ्यात काही महिने सरळ फ्रिजमध्ये. उघडल्यावर रेडसुद्धा झाकण लावून फ्रिजमध्येच, आणि तीन-चार दिवसांत संपवायची.

रूममेट या दिवाळीत पुन्हा येतोय. या वेळी बाटली आणून ठेवलेली नाही. तो आला की दोघं मिळून दुकानात जाऊ आणि त्याच संध्याकाळी उघडू.

भेटू पुढच्या भागात!