पिकते तिथे विकत नाही? जॉर्ज रेनर या विस्मृत इंग्रज प्रशिक्षकाची कहाणी

#थ्रेड #इतिहास #फुटबॉल

१/
२९ जून १९५८. स्टॉकहोमलगतच्या रासुंदा मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होऊन चार मिनिटे झाली होती. स्वीडनचे कर्णधार निल्स लीडहोल्म यांनी ब्राझीलच्या बचावपटूंना चकवून गोल केला. यजमान स्वीडन एका गोलने पुढे. त्या संघाचा प्रशिक्षक मात्र स्वीडिश नव्हता. तो यॉर्कशरच्या खाणपट्ट्यात जन्मलेला इंग्रज होता. नाव जॉर्ज रेनर.

२/
त्यानंतर थोड्याच काळात हे गृहस्थ इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्केग्नेस या गावी दिसतात. तेथील स्केग्नेस टाउन या छोट्या क्लबला ते शिकवत होते आणि चरितार्थासाठी बटलिन्सच्या सुट्टी-शिबिरात सामानाच्या कोठारात नोकरी करत होते. विश्वचषकाच्या अंतिम फेरीत संघ नेणाऱ्या माणसाला मायदेशात याहून मोठे काम मिळाले नाही.

३/
अशा वेळी आपण मराठीत सहज म्हणतो, ‘पिकते तिथे विकत नाही.’ म्हण खरी आहे. पण ती घडलेले सांगते, ते का घडले हे सांगत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम म्हण संपते तिथे सुरू होते. पीक चांगले होते, मग बाजारात गिऱ्हाईक का नव्हते? या थ्रेडमध्ये त्याचा शोध घेऊ.

४/
आधी माणूस पाहू. रेनर यांचा जन्म १९०७ साली बार्न्सलीजवळच्या हॉयलंड येथे एका खाणकामगाराच्या घरी झाला. ते विंगर होते, म्हणजे मैदानाच्या कडेने चाल करणारे आघाडीपटू. शेफील्ड युनायटेड हा त्यांच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा क्लब. पण तेथे त्यांना खेळायची संधी जेमतेमच मिळाली.

५/
पुढे मॅन्सफील्ड टाउन, रॉदरहॅम युनायटेड, बरी आणि ऑल्डरशॉट असा त्यांचा प्रवास झाला. त्या काळी इंग्लिश लीगमध्ये पहिली श्रेणी, दुसरी श्रेणी आणि तिच्याखाली उत्तर व दक्षिण अशी विभागलेली तिसरी श्रेणी होती. रेनर यांची कारकीर्द मुख्यतः या खालच्या मजल्यांवर गेली. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाशी त्यांचा खेळाडू म्हणून कधी संबंध आला नाही.

६/
दुसऱ्या महायुद्धाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. सैन्यात शारीरिक प्रशिक्षणाचे काम करताना त्यांची नेमणूक बगदादला झाली. तेथे त्यांनी इराकी तरुणांना फुटबॉल शिकवला आणि त्यांचा एक संघ उभा केला. ही बातमी इंग्लिश फुटबॉल संघटनेचे सचिव स्टॅनली राऊस यांच्या कानावर गेली.

७/
युद्ध संपले तेव्हा रेनर ऑल्डरशॉटच्या राखीव संघाकडे पाहत होते. १९४६ साली स्वीडनला राष्ट्रीय प्रशिक्षक हवा होता आणि राऊस यांनी रेनर यांचे नाव सुचवले. तिसऱ्या श्रेणीतील क्लबच्या राखीव संघावरून थेट एका देशाच्या संघाकडे! इंग्लंडमध्ये अशी उडी कुणाच्या कल्पनेतही आली नसती.

८/
दोन वर्षांत फळ दिसले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने ऑस्ट्रियाला ३-० आणि दक्षिण कोरियाला १२-० असे हरवले. उपांत्य फेरीत डेन्मार्कवर ४-२ अशी मात केली. वेम्ब्लीवरील अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला ३-१ ने नमवून सुवर्णपदक जिंकले. मॅट बझ्बी यांच्या हाताखालचा यजमान ब्रिटनचा संघ चौथा आला.

९/
इथे थोडे थांबू, कारण आपल्याला चरित्रनायकाची आरती ओवाळायची नाही. स्वीडन युद्धात तटस्थ राहिला होता. त्यामुळे त्याचे फुटबॉल मोडले नव्हते. शिवाय ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठी होते. स्वीडनचे सर्वोत्तम खेळाडू हौशीच असल्याने त्याचा पूर्ण संघ उतरला; ब्रिटनचे सर्वोत्तम खेळाडू व्यावसायिक असल्याने घरीच राहिले. सुवर्णपदकामागे रेनर होते, तशी ही परिस्थितीही होती.

१०/
खरी कसोटी पुढे लागली. गुनार नॉर्दाल, गुनार ग्रेन आणि लीडहोल्म हे तीन आघाडीपटू १९४९ साली इटलीच्या मिलान क्लबकडे गेले. तिघांच्या आडनावांतील अक्षरे जोडून इटलीत त्यांना ‘ग्रेनोली’ म्हणू लागले. स्वीडिश संघटना व्यावसायिक खेळाडूंना राष्ट्रीय संघात घेत नसे. म्हणजे जो खेळाडू मोठा होई, तो रेनर यांच्या हातून जाई.

११/
तरीही १९५० च्या विश्वचषकात रेनर यांच्या नव्या संघाने गतविजेत्या इटलीला ३-२ ने हरवले. (इटलीची बाजूही ध्यानात ठेवावी. १९४९ च्या सुपेर्गा विमान अपघातात तोरिनोचा संघ गेला होता आणि त्यात इटलीचे अनेक प्रमुख खेळाडू होते.) ब्राझीलने स्वीडनचा ७-१ असा धुव्वा उडवला; पण शेवटी स्पेनला ३-१ ने हरवून स्वीडन तिसरा आला. त्याच स्पर्धेत इंग्लंड अमेरिकेकडून ०-१ ने हरला.

१२/
पुन्हा तेच चक्र. लेनार्ट स्कोग्लुंड स्पर्धा संपताच इंटरकडे गेले, पुन्हा नवी बांधणी करावी लागली, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाले. (याच हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले.) चार वर्षांत तीन मोठ्या स्पर्धा, तीन वेगळे संघ आणि तिन्ही वेळा पहिल्या तिघांत स्थान. एक यश योगायोग म्हणून सोडून देता येते; तीन यशांमागे पद्धत शोधावी लागते.

१३/
ती पद्धत कोणती? रेनर राष्ट्रीय संघापुरते थांबले नाहीत. क्लबांनाही शिकवत राहिले. त्यामुळे एक खेळाडू गेला, तर त्याच्या जागी येणारा त्यांच्या नजरेखालचा असे. दुसरे म्हणजे श्रेय त्यांच्या एकट्याचे नव्हते. संघनिवड समितीचे प्रमुख रुडॉल्फ ‘पुत्ते’ कॉक हे तितकेच महत्त्वाचे होते. निवड समिती इंग्लंडमध्येही होती. स्वीडनमध्ये निवडणारा आणि शिकवणारा एका दिशेने चालत.

१४/
आता या कहाणीतील सर्वांत बोलका पुरावा. १५ नोव्हेंबर १९५३, बुडापेस्ट. पुश्काश, कोचिश, हिदेगकुटी यांचा हंगेरी तेव्हा जगात अजिंक्य मानला जाई. हिदेगकुटी आघाडीचे मधले खेळाडू असूनही मागे सरकून खेळत. त्यांच्या पाठोपाठ जावे तर बचावात खिंडार पडे, न जावे तर ते मोकळे राहत. हे कोडे सोडवण्याचा विचार करूनच रेनर यांचा स्वीडन मैदानात उतरला. सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

१५/
प्रेक्षकांत इंग्लंडचे व्यवस्थापक वॉल्टर विंटरबॉटम बसले होते. दहाच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, त्यांचा संघ वेम्ब्लीवर याच हंगेरीशी खेळला आणि ३-६ ने हरला. हिदेगकुटी यांनी तीन गोल केले; त्यांच्यामागे जावे की जागा धरून राहावे, हे इंग्लंडचे हॅरी जॉन्स्टन यांना शेवटपर्यंत उमगले नाही. हंगेरीला रोखणारा इंग्रज मेंदू होता. तो दुसऱ्या संघाच्या बाकावर होता.

१६/
या पराभवानंतर हंगेरीच्या संघटनेच्या प्रमुखांनी आपल्या खेळाचे श्रेय जिमी होगन यांना दिले. होगनही इंग्रजच, बर्नली, फुलहॅम, बोल्टनचे जुने खेळाडू आणि ऑस्ट्रिया-हंगेरीत घडलेले प्रशिक्षक. विल्यम गार्बट यांनी जेनोआत नाव कमावले, जेसी कार्व्हर यांनी १९५० साली युव्हेंटसला इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. तेव्हा रेनर हा अपवाद नव्हता. इंग्लंडमधून प्रशिक्षकांची निर्यातच चालली होती.

१७/
निर्यात का? कारण इंग्लिश फुटबॉलमध्ये ‘शिकवणे’ हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यच नव्हता. खेळ अंगात असावा लागतो, तो शिकवून येत नाही, अशी धारणा खोल रुजली होती. क्लबचे ‘ट्रेनर’ प्रामुख्याने धावणे आणि दुखापती पाहत. आठवडाभर चेंडूपासून दूर ठेवले की शनिवारी खेळाडू चेंडूला भुकेला राहतो, असेही मानले जाई. विंटरबॉटम यांनी प्रशिक्षणवर्ग चालवले. पण अनेक क्लबांनी त्यांकडे संशयानेच पाहिले.

१८/
जो व्यवसायच मान्य नाही, त्यात पात्रता कशी मोजणार? मग मोजमाप उरले एकच, खेळाडू म्हणून मिळवलेले नाव. नावाजलेला खेळाडू निवृत्त झाला की त्याला व्यवस्थापकाची खुर्ची मिळण्याची शक्यता मोठी. रेनर यांच्याकडे मॅन्सफील्ड आणि ऑल्डरशॉट होते. स्वीडनला शिकायचे होते, म्हणून त्याने त्यांच्याकडे शिक्षक म्हणून पाहिले. इंग्लंड स्वतःला या खेळाचा गुरू मानत होता. गुरूला शिक्षकाची गरज कशी भासावी?

१९/
इटलीतील अल्पकाळानंतर १९५५ मध्ये रेनर कार्व्हर यांच्यासोबत तिसऱ्या श्रेणीतल्या कॉव्हेन्ट्री सिटीकडे आले. कार्व्हर लवकरच निघून गेले, सूत्रे रेनर यांच्याकडे आली. पण काही महिन्यांतच त्यांच्या डोक्यावर दुसरा व्यवस्थापक आणला गेला. ते पुन्हा स्वीडनला गेले. तेथे १९५८ चा विश्वचषक भरणार होता आणि या वेळी व्यावसायिक खेळाडूंनाही संघाची दारे उघडली होती.

२०/
लीडहोल्म, स्कोग्लुंड, हामरिन इटलीतून आले. ३७ वर्षांचे ग्रेनही होते. स्वीडनने हंगेरीला २-१, सोव्हिएत संघाला २-० आणि जगज्जेत्या पश्चिम जर्मनीला ३-१ ने हरवले. (इंग्लंड याच सोव्हिएत संघाकडून हरून बाहेर पडला होता, पण म्युनिकच्या अपघातात त्याचे डंकन एडवर्ड्ससारखे खेळाडू गेले होते, हे विसरू नये.) ब्राझील मागे पडला तर गांगरेल, असा रेनर यांचा होरा होता.

२१/
होरा चुकला. लीडहोल्म यांच्या गोलनंतर ब्राझीलचे दिदी चेंडू काखेत घेऊन शांतपणे मध्यरेषेकडे चालत आले. वावा यांनी दोन गोल केले, १७ वर्षांच्या पेले यांनी दोन आणि झागालो यांनी एक. ब्राझील ५, स्वीडन २. रेनर हरले, तेही इतिहासातील एका महान संघापुढे.

२२/
त्यानंतर आले स्केग्नेस. २८ ऑक्टोबर १९५९ रोजी स्वीडनने इंग्लंडला वेम्ब्लीवर ३-२ ने हरवले. ब्रिटिश बेटांबाहेरचा असा हा दुसराच संघ. त्या स्वीडिश संघामागेही रेनर यांचे मार्गदर्शन होते. या विजयाने समाधान झाले, पण हेच काम मायदेशासाठी करायला अधिक आवडले असते, अशी भावना त्यांनी नंतर व्यक्त केली. मला या साऱ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचते.

२३/
१९६७ मध्ये डॉनकास्टर रोव्हर्सने त्यांना व्यवस्थापक नेमले आणि १९६८ च्या अखेरीस दूर केले. त्यांच्या जागी आलेले लॉरी मॅकमेनेमी लीगमध्ये एकही सामना न खेळलेले होते, आणि त्याच हंगामात क्लबने चौथी श्रेणी जिंकली. म्हणजे बाजार बदलू लागला होता. १९६३ पासून आल्फ रॅम्सी निवड समितीविना इंग्लंडचा संघ निवडत होते. रेनर यांच्यासाठी हा बदल उशिरा आला. २४ नोव्हेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले.

२४/
मग म्हणीचे काय? इंग्लंडने रेनर यांना पारखून नाकारले असते, तर तो निवडीतला दोष ठरला असता. प्रत्यक्षात त्यांना पारखण्याचा काटाच तेथे नव्हता. ‘अमुक देशाने आपल्या गुणवंताची कदर केली नाही’ असे वाक्य वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : त्या काळी तो गुण मोजायचे कोणते माप त्या समाजाकडे होते? उत्तर शोधताना बहुधा एका माणसाच्या कहाणीतून अख्ख्या समाजाचा इतिहास हाती लागतो.

अशी आणखी विस्मृत नावे तुम्हाला ठाऊक असतील, तर खाली जरूर लिहा. (समाप्त)