फेटाळलेल्या अर्जाची दाद

तिघेजण दरोडा घालावयास निघाले. दोघे दुकानांत शिरले. तिसरा बाहेर मोटार घेऊन उभा राहिला. आंत झटापट झाली आणि दुकानदार गोळी लागून ठार झाला. बाहेरच्या इसमानें शस्त्राला हातही लावला नव्हता. तो खुनी ठरावा काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियाच्या कायद्याचें उत्तर दीर्घकाळपर्यंत 'होय' असेंच होतें.

ह्या नियमाचें मूळ इंग्लंडांतलें. मोठा अपराध करीत असतां कोणाचा प्राण गेला, तर मारण्याचा हेतु नसला तरी तो खूनच, असें जुने इंग्रज कायदेपंडित मानीत. हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा १८३७ सालीं तयार झाला, तेव्हां मेकॉलेनें ह्या तत्त्वावर टीका केली. निव्वळ अपघातानें घडलेल्या मृत्यूबद्दल अपराध्यास खुनी ठरविल्यानें मनुष्यांच्या जीविताची सुरक्षितता वाढत नाहीं, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. पुढें १८८७ सालीं न्यायमूर्ति स्टीफन यांनीं ह्या नियमास मर्यादा घातली आणि १९५७ च्या कायद्यानें इंग्लंडनें तो टाकूनच दिला. कॅलिफोर्नियांत मात्र १८७२ च्या दंडसंहितेचें १८९ वें कलम त्याला आधार देत राहिलें. दरोडा, घरफोडी, जाळपोळ अशा अपराधांत मृत्यु घडला, कीं प्रत्यक्ष मारणारा आणि बाहेर पहारा देणारा एकाच मापानें मोजले जात.

हें माप ३० सप्टेंबर २०१८ रोजीं बदललें. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनीं सही केलेला नवा कायदा १ जानेवारी २०१९ पासून अंमलांत आला. आतां ह्या नियमाखालीं खुनी ठरावयाचा तो स्वतः ठार मारणारा, ठार मारण्याच्या हेतूनें साहाय्य करणारा, किंवा अपराधांत प्रमुख भाग घेऊन मनुष्यप्राणाविषयीं बेपर्वाईनें वागणारा. कर्तव्यावरील पोलिसाचा बळी गेल्यास मात्र ही सवलत बहुधा मिळत नाहीं. विशेष हें कीं, पूर्वींच शिक्षा भोगीत असलेल्या कैद्यांसही शिक्षेच्या फेरविचारासाठीं अर्ज करण्याची वाट ह्या कायद्यानें मोकळी केली.

परंतु वाट मोकळी होणें निराळें आणि दार उघडणें निराळें. कित्येक न्यायाधीशांनीं जुने कागद चाळून, कैद्यास वकीलही न देतां, अर्ज फेटाळले. ही रीत कायद्यास धरून नाहीं, असा निर्णय त्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२१ मध्यें दिला. अर्ज नियमानुसार भरलेला असेल तर मागणाऱ्यास आधीं वकील द्यावा, मग कागद पाहावे, आणि अर्ज प्रथमदर्शनीं टिकण्यासारखा दिसला तर सुनावणी घ्यावी, असा क्रम ठरला. त्या सुनावणींत अपराध निःसंशय सिद्ध करण्याचा भार पुन्हां सरकारपक्षावरच असतो.

इतकें होऊनही अर्ज फेटाळला गेला तर साठ दिवसांच्या आंत अपीलाची नोटीस द्यावी लागते. येथें खरा पेंच पडतो. समजा, अपीलाचा वकील सर्व कागद वाचून म्हणाला, 'मांडण्यासारखा मुद्दा नाहीं.' मूळ खटल्याच्या पहिल्या अपीलांत अशा वेळीं न्यायालय आपण होऊन सर्व कागद तपासतें. १९७९ च्या एका निर्णयापासून ती प्रथा आहे. फेरविचाराच्या अपीलांत हें बंधन नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२२ मध्यें ठरविलें. आपण होऊन तपासण्याची मुभा मात्र न्यायालयास राहिली.

तरी त्याच निर्णयानें कैद्यास एक हक्क राखून दिला. वकिलाच्या निवेदनाची प्रत त्यास पाठवावी, आणि तीस दिवसांत त्यानें स्वतःचें म्हणणें लिहून न कळविल्यास अपील सोडून दिलें असें समजून तें काढून टाकलें जाऊं शकतें, हें त्यास स्पष्ट बजावावें. त्यानें लिहून पाठविलें, तर त्यांतील प्रत्येक मुद्द्याचा विचार करून लेखी निर्णय देणें न्यायालयास भाग आहे. कायद्याचें शिक्षण नसलेल्या माणसानें तुरुंगाच्या कोठडींत बसून लिहिलेलें तें पत्र कित्येकदां त्याच्या जन्मठेपेविरुद्ध उरलेला अखेरचा शब्द असतें. तो ऐकून घेण्याची सक्ति आतां न्यायालयावर आहे. तीस दिवसांत तो लिहिण्याचें काम मात्र त्या कैद्याचेंच आहे.