शिरपामाळावरील दोन मूर्ती

दिवाळीच्या सुटींत मुलें अंगणांत किल्ला करतात व त्यावर बाजारांतून आणलेलीं मातीचीं चित्रें मांडतात. तोफेशेजारीं गवळण, गवळणीशेजारीं वाघ, आणि सर्वांच्या वर सिंहासनस्थ महाराज! त्या मांडणीकडून इतिहासाचा हिशेब कोणी मागूं नये. परंतु एखादा ऐतिहासिक प्रसंगच पांच-सहा इंची मूर्तींत उभा करावयाचा असें एकदां ठरलें, म्हणजे प्रत्येक चुणीला आणि प्रत्येक पावलाला जाब द्यावा लागतो. आम्ही येथें जव्हारजवळच्या शिरपामाळाचा प्रसंग घेतों.

१६६४ च्या जानेवारींत शिवाजीमहाराजांनीं सुरत लुटली. त्या स्वारीच्या वाटेवर जव्हारचे राजे विक्रमशहा ह्यांनीं ह्या माळावर महाराजांचें स्वागत केलें व त्यांच्या मस्तकीं मानाचा शिरपेंच चढविला, म्हणून माळाला हें नांव पडलें, असें त्या भागांत परंपरेनें सांगतात. दोन पुरुष आणि एक शिरपेंच. मूर्तिकाराला ह्याहून आटोपशीर विषय कोणता मिळणार?

बाजारांतील तयार चित्र मात्र येथें पहिल्याच पावलाला अडतें. सिंहासन व छत्र हा थाट ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाचा. शिरपामाळावरील महाराज घोड्यावरून नुकतेच पायउतार झालेले, चौतिसाव्या वर्षांतले सेनानायक आहेत. त्यांच्या पोषाखासाठीं कल्पनेकडे धांव घेण्याचेंही कारण नाहीं. सतराव्या शतकांतील दख्खनी कलमाचीं त्यांचीं चित्रें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें व ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्यूझियममध्यें आहेत. मनुची ह्या इटालियन प्रवाशानें करवून घेतलेल्या संग्रहांतील अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. जामा, कमरेस शेला, पगडीवर तुरा, एवढें तरी त्यांवरून निःशंक घेतां येतें. मोगली रिवाजांत जाम्याचे बंद हिंदू डाव्या बाजूस व मुसलमान उजव्या बाजूस बांधीत. हा बारकावा इंचभर छातीवरही दाखवितां येतो. पेशवाईंतील चक्री पगडी मात्र ह्या मावळ्यांच्या डोक्यावर नको.

आतां वस्त्र कशाचें करावें? खऱ्या कापडाचें नेसविणें ही जुनी रीत. बर्डवुड ह्यांनीं १८८० सालच्या आपल्या ग्रंथांत कृष्णनगर, लखनौ इत्यादींबरोबर पुण्याच्या अशा सजविलेल्या मातीच्या मूर्तींचीही वाखाणणी केली आहे. त्यांच्या रसिकतेविषयीं आदर राखूनही आम्हांला ही रीत पटत नाहीं. साडेपांच फूट उंचीचा पुरुष साडेपांच इंचांत आणला म्हणजे तो बारावा हिस्सा होतो. पण कापडाचा धागा कांहीं बारावा हिस्सा होत नाहीं. मलमलीचा तुकडाही त्या अंगावर घोंगडीसारखा दिसतो. शिवाय त्याला स्वतःचें वजन असें उरत नाहीं. तो खालीं पडत नाहीं, फुगून उभा राहतो.

म्हणून वस्त्रही मातीचेंच हवें, आणि तें शेवटीं. प्रथम तारेचा सांगाडा. त्यावर उघडें शरीर. भार कोणत्या पायावर आहे, कंबर कोठें कलली आहे, हें वस्त्राआधीं ठरलें पाहिजे. कारण चुणी मनाला येईल तेथें पडत नाहीं. कापड खांद्यावर टांगलेलें असतें, कमरेस आवळलेलें असतें, कोंपरांत दुमडलेलें असतें. ताणाच्या ह्या जागांपासूनच घड्या निघतात व सैल जागीं विरतात. म्हात्र्यांची १८९६ मधील ‘मंदिरपथगामिनी’ पाहावी. लुगडें प्लास्टरचें, पण आंतील पाऊल चालतें आहे हें तें लपवीत नाहीं.

जव्हार-मोखाड्याच्या लोकांना हें सांगावयास नको. बोहाड्यांतील सोंगाचा मुखवटा हलत नाहीं. देव कोणता आणि राक्षस कोणता हें नाचणाऱ्याच्या चालीवरूनही कळतें. वारली भिंतीवर तर दोन त्रिकोणांची टोकें जुळविलीं कीं माणूस होतो, आणि कमरेच्या एका बांकानें तो नाचूं लागतो किंवा भात लावूं लागतो.

खरी अडचण विक्रमशहांची आहे. डोंगरांतील महादेव कोळी राजा म्हटला कीं शहरी कारागीर त्याला उघडा, हात जोडून वांकलेला दाखवावयास निघतो. ही चूक नुसती पोषाखाची नव्हे. जव्हारची गादी चौदाव्या शतकापासूनची होती आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. तीनशें वर्षें गादी चालविलेल्या घराण्याचा पुरुष पाहुण्याच्या स्वागताला पगडी-जामा घालूनच येणार. आणि वांकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पगडींत शिरपेंच खोंवतां येतो काय? कोणीही घरीं करून पाहावें. देणाऱ्याचे दोन्ही हात वर जातात, छाती उघडते, जाम्याच्या घड्या बगलेकडून कमरेकडे तिरप्या ताणल्या जातात. मान किंचित् लववावी लागते ती घेणाऱ्याला. मोठेपणा घेणाऱ्याचा कमी होत नाहीं, पण देणारा मांडलिकही दिसत नाहीं.

पुढें आठच वर्षांनीं, १६७२ मध्यें, मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें. ती छाया विक्रमशहांच्या चेहऱ्यावर आणावी असें आमच्या एका स्नेह्यांनीं सुचविलें. आम्हांला तें मान्य नाहीं. माळावरच्या माणसाला १६७२ ठाऊक नव्हतें. मात्र बलाढ्य फौज आपल्या मुलुखांतून चालली आहे, हें त्याला त्या क्षणीं दिसत होतें. म्हणून आम्ही त्याचे हात वर घेतले, चेहरा प्रसन्न ठेवला, आणि शरीराचा भार तेवढा मागच्या पावलावर दिला.