मृगपालन व बंदिस्त शिकार, माँटॅनातील

मृगपालन व बंदिस्त शिकार, माँटॅनातील : शिंगे, मांस वा शिकार यांसाठी हरणे व एल्क कुंपणात पाळण्याचा व्यवसाय व त्यावरील शासकीय नियंत्रण. अमेरिकेत ‘एल्क’ म्हणजे वापिती ही मोठ्या हरणाची जाती होय. यूरोपात त्याच नावाने मूस हा निराळा प्राणी ओळखला जातो.

इंग्लंडमध्ये हरिणवने राजा व सरदार यांच्यासाठी राखून ठेवीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याउलट, वन्य पशू हे जमीनमालकाचे नसून राज्याने जनतेच्या वतीने सांभाळावयाचे धन आहे, असा विचार रूढ झाला व गीर वि. कनेक्टिकट या खटल्यात (१८९६) त्याला न्यायालयीन मान्यता मिळाली. स्वामित्वाची ही कल्पना सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सोडून दिली; तथापि नियमनाचा राज्यांचा अधिकार टिकला.

एल्कच्या कोवळ्या, लव असलेल्या शिंगांना पूर्व आशियात औषधी म्हणून मागणी असे. भरदार शिंगांच्या नरांसाठी हौशी शिकारी मोठी रक्कम मोजीत. कुंपणातील असा प्राणी शिकारीचा पशू की गुरेढोरे, हा खरा पेच होता. माँटॅनाने त्याला ‘पर्यायी पशुधन’ म्हटले आणि अधिकार विभागले : परवाने व कुंपण वन्यजीव खात्याकडे, रोगनियंत्रण व वाहतूक पशुधन खात्याकडे. एकाच जनावराला असे दोन धनी मिळाले.

विरोधाचा भर प्राणिदयेपेक्षा शिकाऱ्यांच्या नीतीवर होता, हे लक्षणीय आहे. पशूला निसटण्याची संधी हवी, असे मानणारा बून अँड क्रॉकेट क्लब (स्थापना १८८७) कुंपणातील शिकारीची नोंद स्वीकारीत नाही. पळालेली जनावरे रोग पसरवतील, तसेच तांबड्या हरणाशी संकर होईल, ही भीतीही होती.

यांपैकी रोगाची भीती निराधार नव्हती. हरणांचा क्षयकारी मेंदूविकार (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम आढळला. विकृत प्रथिनांमुळे (प्रिऑन) होणाऱ्या या रोगावर उपचार नाही. त्याचे कारक मातीत वर्षानुवर्षे टिकतात. १९९९ मध्ये तो माँटॅनातील फिलिप्सबर्गजवळच्या एका पालनक्षेत्रात आढळला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००० मध्ये, ‘इनिशिएटिव्ह १४३’ हा कायदा मतदारांनी थोड्या मताधिक्याने संमत केला. त्याने नवे परवाने, परवान्यांचे हस्तांतरण व शुल्क घेऊन केलेली शिकार बंद केली. मांस, शिंगे व जिवंत जनावरे यांची विक्री मात्र चालू राहिली.

उत्पन्नाचे मुख्य साधन गेले म्हणून मालकांनी भरपाई मागितली. मालकांची हानी खरी होती. परंतु परवाना ही भरपाईस पात्र अशी मालमत्ता नव्हे, असे माँटॅनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बहुमताने ठरविले. २०१७ मध्ये हा रोग राज्यातील मुक्त हरणांतही आढळला. तेथे वन्य हरणांना रोगाची लागण शेजारच्या राज्यांतील मुक्त कळपांतूनही होऊ शकते, आणि तिच्यावर पालनक्षेत्रांविषयीच्या कायद्याचा अंमल चालत नाही.