अष्टभयांचा त्राता
करुणामूर्ती बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचे खरे वैभव पाहावयाचे तर कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यातच जावे लागते. तेथे मध्यभागी तो उभा असून दोहों बाजूंस सिंह, हत्ती, सर्प, अग्नी, चोर, बंदिवास, पिशाच आणि फुटते गलबत यांनी ग्रासलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत ही मूर्ती घडण्यापूर्वीच नोंदली गेली होती. तेव्हा ज्याचा माल तारवात आणि जीव वाऱ्याच्या हवाली, अशा उदमी माणसाला निर्वाणापेक्षा हा त्राता अधिक निकडीचा वाटला असल्यास नवल ते काय! ४१ व्या लेण्यात तर त्याला अकरा मस्तके आहेत. एकाने साऱ्या गाऱ्हाण्यांचा निकाल लागेना, असा माझा आपला तर्क.