कीलाक्षरे आणि संकेतांक

कीलाक्षर लिपीचा उगम इ. स. पू. ३२०० च्या सुमारास उरुक नगरीत झाला आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत ती टिकून राहिली. सुमेरी, अक्कदी व हित्ती ह्या परस्परांहून भिन्न कुळांतील भाषांनी तिचा आश्रय केला. १८५७ मध्ये रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट व ऑपर्ट ह्या चौघांनी एकाच असिरियन लेखाची स्वतंत्रपणे केलेली भाषांतरे बव्हंशी जुळली, तेव्हा तिच्या वाचनाविषयीची शंका फिटली. संगणकयुगाने मात्र अधिक मूलभूत प्रश्न उभा केला: ह्या लिपीत ‘एक चिन्ह’ म्हणावयाचे कशाला?

‘आन’ हे चिन्ह पाहावे. आरंभी ते तारकेचे चित्र होते. असिरियन लेखनिकांच्या हाती त्याला मोजक्या कीलांचे रूप आले. ‘आन’ म्हणजे आकाश, ‘डिंगिर’ असे वाचल्यास देव, तर अक्कदी लेखनात ‘इल’ हा केवळ ध्वनी. देवनामापूर्वी तर ते उच्चाराविनाच लिहीत. रूपे अनेक, वाचने अनेक. मग संकेतांक किती?

जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात २००० मध्ये सुरू झालेल्या विचारविनिमयातून ह्याचे उत्तर आकारास आले. २००६ च्या युनिकोड संहितेत ९८२ कीलाक्षर-संकेतांक समाविष्ट झाले. अंक दिला तो वाचनाला नव्हे, चिन्हाला. आणि नमुन्यादाखल उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातील, म्हणजे इ. स. पू. २१०० ते २००० च्या सुमाराची, वळणे घेतली. डायमेल ह्यांच्या १९२२ च्या सूचीवर आधारलेली त्याहून प्राचीन १९६ चिन्हे २०१५ मध्ये आली.

देवनागरीच्या वाचकाला ह्यातील तत्त्व अपरिचित नाही. मराठी व हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ भिन्न दिसतात, तरी त्यांचा संकेतांक एकच असतो. परंतु कीलाक्षरांत अडचण उलट दिशेनेही येते. पूर्वी भिन्न असलेली काही चिन्हे उत्तरकाळी एकरूप झाली. संहितेने त्यांचे मूळचे भेद कायम राखले. परिणामी उत्तरकालीन पाटीची प्रत करणाऱ्याला, डोळ्यांना एकच दिसणारे चिन्ह मुळातील कोणते, हे ठरवावे लागते. ज्याला आपण निव्वळ नक्कल समजतो, तीत अर्थनिर्णय आधीच शिरलेला असतो.

ह्या संहितेमुळे सहस्रावधी पाट्यांतील एखादे चिन्ह क्षणात शोधता येईल. लेखनिकाचे हस्तवळण आणि काळाची छाप मात्र त्या अंकात उतरत नाही. म्हणून संकेतबद्ध पाठ हा मूळ पाटीचा पर्याय न मानता तिचे एक संपादन मानणेच इतिहासाला धरून होईल.