पन्नाशीची अट

अपंगाला पोसावयाचे तर खर्च किती येईल, हा हिशेब अमेरिकेने १९५६ साली मांडला तो भीतभीतच. अपंगविम्याचे कलम सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ४५ अशा काठावरच्या मतांनी तरले. कामगाराच्या वेतनातून पाव टक्का, मालकाकडून पाव टक्का, आणि निधी स्वतंत्र. तरीही तिजोरी रिती होईल ही धास्ती होतीच. म्हणून पन्नाशी गाठल्याखेरीज भत्ता मिळावयाचा नाही, अशी अट घातली.

आता मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा रोग पाहा. तो बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो. माणूस लवकर मरत नाही. कित्येकांचे हातपाय मात्र हळूहळू निकामी होत जातात. तिशीत काम सुटलेल्याने पुढची वीस वर्षे काय खावे? सरकारी जमाखर्चात बचत दिसली. वस्तुतः तो खर्च पत्नीच्या, म्हाताऱ्या आईबापांच्या खाती चढला. त्या वह्या कोण तपासतो?

१९६० साली ही अट गेली. १९७२ च्या कायद्याने भत्त्यासाठी थांबण्याची मुदत सहा महिन्यांवरून पाचावर आली. अपंगांना सरकारी वैद्यकीय विमाही लागू झाला. पण तो भत्त्याचा हक्क सुरू झाल्यावर चोवीस महिन्यांनी! या रोग्यांना ही वाट आजही पाहावी लागते.